घराच्या रक्षणासाठी रिव्हॉल्व्हर घेताना

शेजारच्या सोसायटीत दरोडा पडला किंवा एखाद्या व्यावसायिकाला खंडणीचा दूरध्वनी आला की, 'घरात एखादे पिस्तूल असते तर' हा विचार अनेकांच्या मनात डोकावतो. अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर दुकानाच्या काउंटरवर मिळते. घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगणे हा नागरिकाचा घटनादत्त हक्क आहे, असा निर्वाळा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली 'डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर' या खटल्यात दिला. भारतात स्थिती उलट आहे. येथे शस्त्र बाळगणे हा हक्क नसून ती शासनाने दिलेली अनुज्ञप्ती होय. त्यामुळे 'परवडणारे आणि खात्रीचे शस्त्र कोणते' हा प्रश्न येथे सगळ्यात शेवटी येतो. त्याआधी परवाना मिळेल का, कोणत्या बोअरचा मिळेल आणि मिळाल्यावर ते शस्त्र घरात कोठे व कोणाच्या ताब्यात राहील, हे प्रश्न सोडवावे लागतात.

परवान्याची वाट

लॉर्ड लिटनच्या काळात, १८७८ साली झालेल्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास मनाई केली. युरोपीयांना मात्र सूट दिली. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला. त्यातील वांशिक भेद गेला, परवान्याची चौकट मात्र कायम राहिली. आजची कार्यपद्धती २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार चालते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली.

ज्या शहरांत पोलीस आयुक्तालय आहे तेथे आयुक्त आणि अन्यत्र जिल्हाधिकारी हे परवाना देणारे प्राधिकारी असतात. अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे लागते. अर्जासोबत ओळख व निवासाचे पुरावे, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचा दाखला आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. त्यानंतर स्थानिक पोलीस ठाण्याकडून चौकशी होते. या चौकशीत अर्जदाराची पार्श्वभूमी तर पाहिली जातेच, पण खरा भर असतो तो जिवाला असलेल्या धोक्यावर. शहरात घरफोड्या वाढल्या आहेत, एवढे कारण बहुधा पुरत नाही. रोख रकमेची ने-आण करणारा सराफ, धमक्या आल्याची तक्रार नोंदवलेला बांधकाम व्यावसायिक किंवा एकाकी बंगल्यात राहणारे कुटुंब यांचा अर्ज अधिक गांभीर्याने घेतला जातो. अर्ज नाकारल्यास त्याची कारणे लेखी मागता येतात आणि त्याविरुद्ध अपील करता येते. अनेकांना ही तरतूद ठाऊक नसते, त्यामुळे पहिल्या नकारालाच ते प्रकरण सोडून देतात.

परवान्याची वाट लांब वाटते म्हणून मध्य प्रदेशच्या सीमेकडून येणाऱ्या गावठी कट्ट्याकडे वळणारेही आहेत. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. शिक्षेची भीती बाजूला ठेवली तरी, पाण्याच्या नळाच्या दर्जाच्या पोलादातून घडवलेली नळी आपल्याच हातात फुटण्याची शक्यता असते. ज्यास खात्रीचे शस्त्र हवे आहे, त्याच्या यादीत कट्ट्याला स्थान असू शकत नाही.

बोअरचे गणित

कायद्याने शस्त्रांची प्रतिबंधित बोअर आणि अप्रतिबंधित बोअर अशी विभागणी केली आहे. परवानाधारकांच्या बोलीत त्यांना 'पीबी' आणि 'एनपीबी' म्हणतात. लष्कर व पोलिसांच्या शस्त्रांत चालणारी काडतुसे नागरिकांच्या हाती जाऊ नयेत, हा या विभागणीमागचा हेतू. त्यामुळे जगभर लोकप्रिय असलेले ९ मिलिमीटरचे पिस्तूल, .३८ चे रिव्हॉल्व्हर आणि .४५ चे पिस्तूल सामान्य नागरिकाच्या आवाक्याबाहेर राहते. प्रतिबंधित बोअरचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत असून तो अपवादानेच दिला जातो. उरतात ते प्रामुख्याने .३२ आणि .२२. इंग्रजी चित्रपट आणि परदेशी नियतकालिके पाहून शस्त्राविषयी मते बनवणाऱ्याची पहिली निराशा येथेच होते.

.३२ या एकाच आकड्याखाली दोन भिन्न काडतुसे येतात, हे मात्र नीट समजून घ्यायला हवे. रिव्हॉल्व्हरचे काडतूस ('.३२ स्मिथ अँड वेसन लाँग') १८९६ सालचे, त्याच्या बुडाला बाहेर आलेली ठळक कड असते. पिस्तुलाचे काडतूस ('.३२ एसीपी') जॉन ब्राउनिंग यांनी १८९९ च्या सुमारास रचले; ते आखूड असून त्याची कड जेमतेम जाणवते. पिस्तुलाचे काडतूस रिव्हॉल्व्हरच्या घरात कधी कधी बसते, म्हणून ते चालते असा समज होऊ शकतो. तो धोकादायक आहे. पिस्तुलाच्या काडतुसाचा दाब जास्त असतो, आणि जुन्या घडणीच्या रिव्हॉल्व्हरची जोडणी तेवढ्या दाबासाठी बनवलेली नसते. परवान्यावर आणि पावतीवर '.३२ रिव्हॉल्व्हर' की '.३२ पिस्तूल' हे स्पष्ट लिहिलेले आहे ना, हे पाहूनच काडतुसे घ्यावीत.

शक्तीचा विचार केला तर .३२ हे दुबळे काडतूस आहे. त्याच्या गोळीची ऊर्जा दीडशे ज्यूलच्या आसपास, तर ९ मिलिमीटरची साडेचारशेच्या पुढे. पण घरातील अंतर असते दहा-बारा फुटांचे, आणि तेथे नेम व हाताची स्थिरता यांचे महत्त्व ऊर्जेहून अधिक असते. कमी धक्क्यामुळे .३२ वर नवख्याचाही ताबा लवकर बसतो. रिव्हॉल्व्हरचे हेच काडतूस नेमबाजीच्या २५ मीटर सेंटर फायर प्रकारात वापरले जाते. जसपाल राणा याने १९९४ च्या हिरोशिमा आणि २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धांत याच प्रकारात सुवर्णपदके मिळवली. काडतुसाच्या अचूकतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

बाजारात काय मिळते

व्यक्तिगत वापरासाठी परदेशी शस्त्रे आयात करण्यावर १९८० च्या दशकाच्या मध्यापासून कडक निर्बंध आहेत. त्यामुळे नागरिकांसाठीच्या पिस्तूल-रिव्हॉल्व्हरचा बाजार दीर्घकाळ सरकारी आयुध निर्माणींच्या हाती राहिला. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये या निर्माणींचे सात कंपन्यांत रूपांतर झाले. त्यांपैकी 'अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया' ही कानपूरस्थित कंपनी शस्त्रे बनवते, तर दारूगोळ्याची 'म्युनिशन्स इंडिया' ही कंपनी पुण्यात आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना तिच्याच छत्राखाली येतो; काडतुसाच्या बुडावर दिसणारी 'केएफ' ही अक्षरे त्याच खडकीची खूण.

सर्वाधिक प्रचारात असलेले शस्त्र म्हणजे कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचे .३२ रिव्हॉल्व्हर. ब्रिटिश वेब्ले रिव्हॉल्व्हरच्या धर्तीवर ते मधोमध मोडून उघडते, त्यात सहा काडतुसे बसतात आणि वजन पाऊण किलोच्या आत असते. घडण जुनी असली तरी ते सोपे आहे, आणि दुरुस्तीची माहिती असलेले कारागीर बहुतेक मोठ्या शहरांत सापडतात. याच जातीचे 'निर्भीक' हे हलके रिव्हॉल्व्हर २०१४ च्या जानेवारीत आले. टायटॅनियमच्या मिश्रधातूमुळे त्याचे वजन अर्धा किलो होते. दिल्लीतील २०१२ च्या अत्याचाराच्या घटनेनंतर ते महिलांसाठी म्हणून पुढे आणले गेले आणि दागिन्यासारख्या मखमली पेटीत सादर झाले. किंमत होती एक लाख २२ हजार रुपयांहून थोडी अधिक. ज्या नोकरदार तरुणीला रात्रीच्या बसची भीती वाटते तिच्यासाठी हे शस्त्र आहे, असे सांगताना तिच्या वर्षाच्या मिळकतीचा हिशेब कोणी केला असेल असे वाटत नाही.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये 'प्रबळ' हे नवे .३२ रिव्हॉल्व्हर बाजारात आले. त्याचे काडतुसांचे चक्र बाजूला उघडते, त्यामुळे मोडून उघडणाऱ्या शस्त्रातील बिजागरी आणि खिटी हा झिजणारा कच्चा दुवा नाहीसा होतो. पन्नास मीटरच्या पल्ल्याची जाहिरात पुष्कळ झाली. दिवाणखान्याच्या रक्षणासाठी त्या पल्ल्याचा उपयोग नाही. बाजूला उघडणारे चक्र मात्र खरोखर उपयोगाचे आहे. खासगी क्षेत्रातही हालचाल सुरू झाली असून वेब्ले कंपनीने भारतीय भागीदारासह उत्तर प्रदेशातील हरदोई येथे .३२ रिव्हॉल्व्हरचे उत्पादन सुरू केले. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचे 'निडर' हे .२२ चे रिव्हॉल्व्हर वजनाला जेमतेम पाव किलो आणि किमतीलाही हलके. मात्र .२२ च्या काडतुसात स्फोटक मसाला बुडाच्या कडेत भरलेला असल्याने ते न उडण्याचे प्रमाण तुलनेने अधिक असते, आणि शक्तीही कमीच. सरावासाठी ते उत्तम. घराच्या रक्षणासाठी दुय्यम.

पिस्तुलात ईशापूरचेच 'अशनी' हे .३२ चे शस्त्र मिळते. पिस्तूल चपटे असते, काडतुसांचे मॅगेझिन पटकन बदलता येते. पण नवख्या माणसासाठी प्रश्न वेगळा आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये एखादे काडतूस फुसके निघाले तर चाप पुन्हा ओढला की चक्र फिरून पुढचे काडतूस नळीसमोर येते. पिस्तुलात मात्र स्लाइड मागे खेचून अडकलेले काडतूस बाहेर काढावे लागते. मध्यरात्री, अंधारात, थरथरत्या हातांनी ही कृती करणे नियमित सरावाशिवाय जमत नाही. शिवाय स्लाइड ओढण्यास मनगटात जोर लागतो. वर्षातून एक-दोनदाच नेमबाजीच्या मैदानावर जाणाऱ्या माणसाने रिव्हॉल्व्हरच घ्यावे, हे बरे. रिव्हॉल्व्हरची उणीवही सांगायला हवी. बहुतेकांना सुरक्षा खटका नसतो. चापाचा जडपणा हेच त्याचे कुलूप. मुलाने घोडा मागे ओढून ठेवला, तर तोही राहत नाही.

जुने घ्यावे का?

दुसऱ्या परवानाधारकाकडून जुने शस्त्र विकत घेता येते; अर्थात परवाना प्राधिकाऱ्याच्या नोंदीसह. आयात बंद असल्याने वॉल्थर, वेब्ले अँड स्कॉट अशा जुन्या परदेशी शस्त्रांना लाखोंचे भाव येतात. हा भाव दुर्मीळतेचा आणि प्रतिष्ठेचा असतो. सत्तर वर्षांच्या पिस्तुलाची स्प्रिंग नवी मिळणार नसेल, तर ते कपाटातील शोभेची वस्तू ठरते.

जुने भारतीय रिव्हॉल्व्हर मात्र परवडू शकते, फक्त तपासून घ्यावे. आधी ते रिकामे आहे याची स्वतः खात्री करावी. घोडा मागे ओढलेल्या स्थितीत चक्र हाताने हलवून पाहावे. ते डुगडुगत असेल तर काडतूस आणि नळी एका रेषेत येत नाहीत असे समजावे. मोडून उघडणाऱ्या शस्त्राची वरची खिटी सैल नसावी. नळीतून उजेडाकडे पाहिल्यास आतील वळणाच्या खाचा स्वच्छ व तीक्ष्ण दिसाव्यात. गंजाचे खड्डे दिसल्यास सौदा सोडावा. कोकणपट्टीच्या दमट हवेत वर्षानुवर्षे चामड्याच्या म्यानात ठेवलेल्या शस्त्रांत हे खड्डे हमखास सापडतात, कारण चामडे ओल धरून ठेवते. शस्त्र कापडात गुंडाळून, हलके तेल लावून ठेवणे हा साधा उपाय अनेकजण करत नाहीत. काडतुसांनाही वय असते. विसाव्या वर्षी कपाटातून काढलेले काडतूस उडेलच, असा भरवसा कोणी देऊ शकत नाही. जुनी काडतुसे मैदानावर सरावात संपवून नवी घेत राहणे हाच मार्ग. परवान्यावर काडतुसांची कमाल संख्या नमूद असते, त्यामुळे हा हिशेब आधीच मांडावा लागतो.

किमतीचे म्हणायचे तर, २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर व पिस्तुलांवरील वस्तू व सेवा कर २८ वरून ४० टक्क्यांवर गेला. शस्त्राच्या किमतीत तिजोरी, प्रशिक्षण, सरावाची काडतुसे आणि नूतनीकरणाचा खर्च मिळवला की 'परवडणारे' या शब्दाचा अर्थ बदलतो. शस्त्र स्वस्तातले घेऊन उरलेले पैसे सरावावर खर्च करणे, हे महागडे शस्त्र घेऊन ते कुलपात ठेवण्यापेक्षा केव्हाही शहाणपणाचे. मुंबईत वरळी येथे महाराष्ट्र रायफल असोसिएशनचे मैदान आहे. अन्य शहरांतही रायफल क्लब आहेत.

घरात आल्यावर

परवाना व्यक्तीच्या नावाने असतो, घराच्या नावाने नव्हे. ही गोष्ट अनेक कुटुंबांच्या लक्षात येत नाही. परवानाधारक दिवसभर कचेरीत असेल, तर घरातील पत्नी, वडील वा मुलगा यांना त्या रिव्हॉल्व्हरचा कायदेशीर उपयोग नाही. परवान्यावर ज्याचे नाव नाही त्याच्या हाती शस्त्र देणे हा अटींचा भंग ठरतो. त्यातच शहरी घरफोड्या बहुधा बंद सदनिकांत होतात. घर बंद असताना कपाटातील रिव्हॉल्व्हर घराचे रक्षण करत नाही, ते चोराच्या लुटीत भर घालते. बाहेरगावी जाताना शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येते. निवडणुकीची आचारसंहिता लागल्यावर तर छाननी समितीच्या निर्णयानुसार ते जमा करावेच लागू शकते, आणि त्या काही आठवड्यांत घर शस्त्राविना असते.

घरात शस्त्र ठेवण्याची जागा हा सगळ्यात कठीण प्रश्न आहे. उशीखाली ठेवले तर हाताशी, पण मुलांच्याही हाताशी. तिजोरीत ठेवले तर सुरक्षित, पण वेळेवर न मिळणारे. भिंतीला बोल्टने जखडलेली, आकड्यांच्या कुलपाची छोटी तिजोरी हा त्यातल्या त्यात बरा तोडगा. मात्र तिचा आकडा मुलाची जन्मतारीख नसावा. लहान मुले शोधून काढणार नाहीत अशी जागा दोन खोल्यांच्या घरात नसते. सदनिकांच्या भिंतींचाही विचार व्हावा. चुकलेली गोळी प्लायवूडच्या दारातून वा पातळ भिंतीतून शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात पोहोचू शकते. कोणत्या दिशेला गोळी झाडता येईल आणि कोणत्या दिशेला मुळीच नाही, हे घरात शस्त्र येण्यापूर्वीच ठरवावे.

धोका केवळ अपघाताचा नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात दोन कोटी ६३ लाख रहिवाशांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांत गोळी झाडून आत्महत्येचे प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या सुमारे आठपट, तर स्त्रियांत सुमारे ३५ पट आढळले. तेथील समाज आणि शस्त्रांची उपलब्धता वेगळी आहे, हे खरे. पण नैराश्याच्या एका रात्री हाताशी असलेले साधन काय करू शकते, हे देशागणिक बदलत नाही. घरात कोणी मानसिक आजाराशी, व्यसनाशी अथवा कर्जाच्या विवंचनेशी झुंजत असेल, तर शस्त्र घेण्याचा बेत पुढे ढकलावा. आधीच घरात असेल, तर ते विक्रेत्याकडे जमा करून ठेवावे.

गोळी झाडण्याचा अधिकार कोठपर्यंत

खासगी बचावाचा अधिकार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. १ जुलै २०२४ पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता. जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या काळातील घरफोडी किंवा जीव जाण्याची वा गंभीर दुखापतीची वाजवी भीती निर्माण करणारी चोरी, अशा प्रसंगी मालमत्तेच्या रक्षणासाठी हल्लेखोराचा मृत्यू घडवण्यापर्यंत हा अधिकार जाऊ शकतो. मात्र पोलिसांची मदत घेण्यास वेळ असेल तर हा अधिकार उरत नाही, आणि बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही. दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, हल्ला होत असताना नागरिकाने भेकडासारखे पळून जावे अशी कायद्याची अपेक्षा नाही, असे म्हटले. त्याच वेळी हा अधिकार सूड उगवण्यासाठी नाही, हेही बजावले. घरात शिरलेला चोर गॅलरीतून उडी मारून पळत सुटला आणि त्याच्या पाठीत गोळी बसली, तर बचावाचा मुद्दा न्यायालयात टिकणे अवघड होते.

गोळी झाडली गेल्यास ११२ क्रमांकावर कळवावे, जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यावी आणि घटनास्थळ व शस्त्र जसेच्या तसे पोलिसांच्या स्वाधीन करावे. शस्त्र तपासणीसाठी जप्त होते आणि खटला संपेपर्यंत परत मिळण्याची खात्री नसते. परवानाधारकाचे निधन झाल्यास वारसांनी ते शस्त्र घरात ठेवून चालत नाही. ते विनाविलंब जमा करून स्वतःच्या नावे परवान्यासाठी नव्याने अर्ज करावा लागतो.